सोबतीला राहणाऱ्या बाईची रात्र: काम की विश्रांती?

सायंतारा (धागाकर्ती)

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होऊन आता चार वर्षे झाली. त्यांपैकी गेली दोन वर्षे त्यांच्या देखभालीसाठी आमच्या घरी एक केअरगिव्हर राहते. ती दुसऱ्या देशातून आलेली आहे. एजन्सीचे पैसे भरण्यासाठी कर्ज काढून आणि दोन मुलांना आपल्या आईपाशी ठेवून आली आहे. तिच्याविषयी याहून अधिक लिहिणार नाही, कारण हा प्रश्न मी तिला विचारून इथे मांडलेला नाही आणि त्याची थोडी लाजही वाटते.

मागच्या आठवड्यात वडिलांना आंघोळीच्या खुर्चीवरून उठवताना तिने एकदम भिंतीचा आधार घेतला आणि काही क्षण श्वास रोखून तशीच उभी राहिली. विचारल्यावर पाय घसरला म्हणाली. पण मी समोरच होते, पाय घसरला नव्हता. नंतर चादरी बदलताना तिच्या उशीखाली वेदनाशामक गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या सापडल्या.

करारात रोज आठ तास काम आणि आठवड्याला एक सुट्टी असे स्वच्छ लिहिलेले आहे. ती झोपते मात्र वडिलांच्याच खोलीत, घडीच्या खाटेवर. वडील रात्री अनेकदा उठतात, कधी लघवीला, तर कधी 'मला घरी जायचे आहे' म्हणत दाराशी. प्रत्येक वेळी तीच उठते. हे आम्ही कधी कामात धरले नाही, कारण ती तिथेच तर झोपलेली असते. माझा भाऊ म्हणतो, 'झोपेचे पैसे कुणी देते का?' मला त्याला उत्तर देता आले नाही आणि त्याचे म्हणणे पटलेही नाही.

तर प्रश्न दोन आहेत. सोबतीला राहणाऱ्या बाईची रात्र कामाची धरायची की विश्रांतीची? आणि तिच्या पाठीची जबाबदारी एजन्सीची, सरकारची की आमची?

त्रयस्थ

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. राहणे आणि जेवण तिला पगाराव्यतिरिक्त मिळते, शिवाय मायदेशी मिळाला असता त्याच्या कितीतरी पट पगार मिळतो, आणि हे सारे ठाऊक असूनच ती आलेली आहे. वडील एखाद्या रात्री शांत झोपले तर तुम्ही पगार कापता का? नाही ना? मग उठले म्हणून वाढवण्याचा प्रश्न कुठे येतो? प्रत्येक जागरणाची नोंद ठेवायला लागलात तर घराचे कार्यालय होईल.

नंदू_नवखा

त्रयस्थ, तिच्या दृष्टीने ते पहिल्या दिवसापासून कार्यालयच आहे. अडचण इतकीच की संध्याकाळी तिथून घरी जाता येत नाही.

अबोली_प

मूळ प्रश्नाआधी एक खटकलेली गोष्ट. सायंतारा, तुम्ही चादरी बदलायला गेलात हे मान्य. पण दोन वर्षे एका घरात राहणाऱ्या प्रौढ स्त्रीला आपल्या गोळ्या ठेवण्यासाठी उशीखालची जागा सोडून दुसरी जागा नाही, हे वाचून गोळ्यांपेक्षा मला त्याचेच वाईट वाटले. तिचे स्वतःचे कपाट आहे का?

सायंतारा

कपाट आहे, पण ते वडिलांचेच आहे आणि त्यातले दोन खण तिला दिलेले आहेत. कुलूप नाही. तुम्ही विचारेपर्यंत ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

कायद्याची_पायरी

कामगार कायदा हा माझ्या व्यवसायाचा भाग असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ संमत केला आणि तो सप्टेंबर २०१३ पासून अमलात आला. कुटुंबाने घरात ठेवलेल्या केअरगिव्हर या कराराच्या व्याख्येत बसतात. त्याच्या दहाव्या कलमात धागाकर्तीच्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्या वेळात कामगाराला आपला वेळ आपल्या मनाप्रमाणे घालवता येत नाही आणि हाक आली तर उठता यावे म्हणून तिला कुटुंबाच्या दिमतीला राहावे लागते, तो वेळ कामाचे तास म्हणून धरावा, असे ते कलम सांगते. किती प्रमाणात धरावा हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर आणि कामगार व मालक संघटनांमधल्या सामूहिक करारांवर सोपवलेले आहे. सगळा घोळ या शेवटच्या वाक्याने होतो.

घोळ किती, याचा एक नमुना देतो. मार्च २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की रात्री सेवार्थीच्या घरी झोपायला थांबणाऱ्या कर्मचाऱ्याला किमान वेतनाच्या हिशेबात फक्त प्रत्यक्ष कामासाठी जागे असलेले तास धरून मिळतील. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, २४ जून २०२१ रोजी, जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने बर्लिनमधल्या नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंची देखभाल करणाऱ्या बल्गेरियन स्त्रीच्या खटल्यात नेमकी उलट दिशा धरली. तिच्या करारात आठवड्याला ३० तास लिहिलेले होते. दिवसरात्र काम करावे लागते किंवा कामासाठी सज्ज राहावे लागते, असे तिचे म्हणणे होते. हाकेच्या प्रतीक्षेत घालवलेल्या तासांनाही किमान वेतन लागू होते, असे त्या न्यायालयाने ठरवले.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बहुमताने याहून वेगळा मार्ग घेतला. घरात राहणाऱ्या केअरगिव्हरना कामाच्या तासांचा कायदाच लागू होत नाही, असे तिथे ठरले. अर्जदार स्त्री फिलिपिनो होती.

मला सर्वांत व्यवहार्य वाटते ती इटलीतल्या घरकामगारांच्या सामूहिक करारातली रचना. तिथे रात्रीचे दोन प्रकार मानलेले आहेत. एक म्हणजे रात्रीची देखभाल, जिच्यात मधूनमधून उठावे लागणार हे गृहीत असते. दुसरी म्हणजे रात्रीची नुसती उपस्थिती, जिच्यात घरात कुणीतरी असावे एवढीच अपेक्षा असते. दोन्हींचे वेतन वेगळे आहे. घरात राहणाऱ्या पूर्णवेळ कामगाराचे तास दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ यांच्यापुढे जाऊ नयेत आणि आठवड्याला ३६ तासांची विश्रांती मिळावी, असेही त्यात आहे. तुमच्या वडिलांचे वर्णन वाचून तुमच्याकडे दुसरा प्रकार नाही, पहिला आहे, हे सांगायला वकील लागत नाही.

त्रयस्थ

माहितीबद्दल आभार. पण ५४ तासांची मर्यादा पाळायची तर आठवड्याचे उरलेले ११४ तास कुणी सांभाळायचे, हेही कुठल्या कलमात असेल तर सांगावे. स्मृतिभ्रंशाला सुट्टी नसते. दोन बायका ठेवण्याची ऐपत असलेली कुटुंबे किती?

रातराणी_७

मी या धाग्यावर लिहू की नको, असा विचार दोन दिवस करत होते. मी अकरा वर्षे परदेशात घरात राहून वृद्धांची देखभाल केली. तीन घरे झाली. माणसे तिन्ही घरांतली चांगली होती. हे आधी लिहिते, कारण पुढचे वाचून कुणाला वाटेल की मला दुष्ट माणसे भेटली.

रात्रीविषयी आधी. तीन वेळा उठणे म्हणजे तीन वेळा दहा मिनिटे, असा हिशेब बाहेरचा माणूस करतो. उठवलेल्या माणसाला कोरडे करून पुन्हा झोपवले की तो झोपतो. आपण जागे राहतो, कारण कान लावून राहण्याची सवय झालेली असते. माझ्या दुसऱ्या घरातल्या आजी रात्री कधीच हाक मारत नसत, एकट्याच उठून चालू लागत. त्या दोन वर्षांत मी गाढ झोपले नाही. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीच्या खोलीवर गेले तरी रात्री दोनच्या सुमारास उठून बसत असे. मायदेशी परतून काही वर्षे झाली, अजूनही तसेच होते. तेव्हा सायंतारा, रात्रीचे तास मोजताना ती किती वेळ उभी होती एवढेच मोजू नका.

आता शरीर. पाठीची गोष्ट सगळ्यांना कळते. लघवीची कुणी बोलत नाही. ज्या माणसाला एक मिनिट एकटे सोडता येत नाही, त्याच्यासोबत असताना आपण पाणी कमी पिऊ लागतो. मला वर्षातून दोनतीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग व्हायचा आणि मी येताना बॅगेत आणलेल्या गोळ्यांवर तो निभावून न्यायची. हातांची कातडी सारखे धुणे आणि रबरी हातमोजे यांनी फाटायची. पाळीच्या दिवसांत ८० किलोचे आजोबा उचलताना काय होते, ते इथल्या स्त्रियांना सांगायला नको.

डॉक्टरकडे का गेला नाहीत, असे कुणी विचारील. पहिल्या घरी गेले होते. भाषा येत नव्हती म्हणून मालकीणबाई दुभाषी म्हणून आत आल्या. डॉक्टरांनी विचारले, 'काम किती असते?' बाईंनी माझ्या वतीने सांगितले, 'तसे हलकेच असते.' त्या खोटे बोलल्या नाहीत. त्यांना खरेच तसे वाटत होते. मी मान डोलावली. माझा व्हिसा त्यांच्या नावाला बांधलेला होता आणि एजन्सीच्या कर्जाचे सात हप्ते बाकी होते. 'पाठ गेली' असे एकदा कागदावर आले की पुढचे घर मिळत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत असते. तुमच्याकडची बाई पाय घसरला म्हणाली, ती याच कारणाने.

शेवटची गोष्ट. तिसऱ्या घरातले आजोबा पहाटे गेले. त्यांचे तोंड मी पुसले, कपडे मी बदलले, आणि संध्याकाळी त्यांच्या मुलाने अतिशय नम्रपणे विचारले की खोली कधीपर्यंत रिकामी होईल. ज्या माणसाला सहा वर्षे भरवले तो माणूस, घर, नोकरी आणि त्या देशात राहण्याचा हक्क, हे सारे एकाच दिवशी सुटले. मुलाला त्याच्या कार्यालयातून रजा मिळाली होती. मला रडायला कुठे बसावे हे कळत नव्हते.

नंदू_नवखा

रातराणी, माझा वरचा विनोद आता मलाच वाचवत नाही. लिहिल्याबद्दल आभार.

कायद्याची_पायरी

रातराणी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून एवढेच सांगतो की काही ठिकाणी नोकरी संपल्यावर मिळणारी मुदत कायद्यानेच फार तोकडी ठेवलेली आहे. हाँगकाँगमध्ये १९८७ पासून परदेशी घरकामगारांना करार अकाली संपल्यावर साधारण दोन आठवड्यांत तिथून निघावे लागते, आणि २००३ पासून त्यांना मालकाच्याच घरी राहणे सक्तीचे आहे. दोन आठवड्यांत नवे घर शोधायचे असेल तर पाठदुखीचा उल्लेख कोण करील?

पाठीचा_कणा

सदस्यनाम विनोदाने घेतले होते, पण व्यवसायाने मी खरोखरच फिजिओथेरपिस्ट आहे.

अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेतील संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण उचलण्यासाठी एक मर्यादा सुचवली: हातांनी उचलायचे वजन ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो. तीही रुग्ण सहकार्य करतो, अचानक हिसका देत नाही आणि उचलणाऱ्याला नीट उभे राहायला जागा आहे, अशा परिस्थितीत. आता ओल्या न्हाणीघरात घाबरलेला, कुणाला न ओळखणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. रुग्णालयात अशा रुग्णाला हलवताना दोन माणसे असतात, पलंग वरखाली होतो आणि भार उचलायला होइस्ट असते. घरी तोच रुग्ण एकटी बाई उचलते, आणि बहुधा तिच्या गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पलंगावरून.

'वाकताना पाठ सरळ ठेवा' हा उपदेश ऐकून ऐकून या बायका कंटाळलेल्या असतात आणि त्यांचे चुकत नाही. पद्धत शिकवल्याने थोडा फरक पडतो. खरा फरक उचलण्याची वेळच कमी आणल्याने पडतो. सायंतारा, पुढील गोष्टी याच आठवड्यात करता येतील. पलंगाच्या पायांखाली उंची वाढवणारे ठोकळे बसवा, म्हणजे तिला कंबरेत वाकावे लागणार नाही. फक्त त्या उंचीवर वडील बसले असता त्यांचे पाय जमिनीला टेकतात ना, हे पाहून घ्या. कूस बदलण्यासाठी स्लाइड शीट घ्या; ती गुळगुळीत कापडी घडी असते आणि तिच्यावरून माणूस ओढता येतो, उचलावा लागत नाही. वडिलांना अजून पायांवर भार घेता येत असेल तर त्यांच्या कंबरेला ट्रान्सफर बेल्ट बांधा, म्हणजे ती त्यांना काखेत धरून उचलणार नाही. काखेत धरून उचलण्याने तिची पाठ आणि त्यांचे खांदे, दोन्ही जातात.

आणि तिने श्वास रोखून भिंत धरली, हे लक्षण मला आवडलेले नाही. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल तर आठवड्याची वाट पाहू नका. लघवी अडत असेल किंवा जांघेत बधिरता जाणवत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

खडूस_आजोबा

तुम्ही सगळे खाटेशेजारच्या बाईविषयी बोलत आहात. मी खाटेवरचा माणूस आहे. वय ८४, पक्षाघातानंतर डावी बाजू निकामी, डोके शाबूत असल्याचा माझा दावा आहे.

माझ्या सोबतीची बाई माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठी आहे. तिची झोप मोडू नये म्हणून मी पहाटेपर्यंत लघवी रोखून धरत असे. परिणामी मलाच संसर्ग झाला, ताप चढला आणि सलग चार रात्री तिला जागवले. परोपकाराचा असा उलटा हिशेब मी आयुष्यात पाहिलेला नाही. त्यानंतर मी युरीन पॉट हाताशी ठेवायला लागलो आणि जेवणानंतरचे पाणी संध्याकाळी लवकर पिऊ लागलो. आता रात्री एकदाच उठवावे लागते.

मुद्दा असा की रात्रीचे जागरण आभाळातून पडत नाही. त्यातले काही डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या तरी कमी होते. ते कमी करण्याचा प्रयत्न कुणी करत नाही, कारण उठणारी बाई फुकट उठते. तिच्या उठण्याचे पैसे पडू लागले की माझी मुले माझ्या मूत्रपिंडांचा अभ्यास सुरू करतील, याची मला खात्री आहे.

मनमोकळी

आजोबा, तुमचा दावा मान्य आहे.

मी समुपदेशक आहे, म्हणून मनाविषयी थोडे. २००५ मध्ये युक्रेनमधल्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी 'इटली सिंड्रोम' असा शब्द वापरला. इटलीत वर्षानुवर्षे वृद्धांची देखभाल करून परतलेल्या स्त्रियांमध्ये खोल उदासी, निद्रानाश आणि आपण कुठल्याच घरच्या राहिलो नाही अशी भावना त्यांना आढळली होती. पुढे रोमानियातल्या स्त्रियांविषयीही हा शब्द वापरला गेला. हे अधिकृत निदान नाही. रोगांच्या वर्गीकरणात असा आजार सापडणार नाही. तरी रातराणी यांनी रात्री दोनला उठून बसण्याचे जे लिहिले आहे, ते वाचताना मला तोच शब्द आठवला.

रातराणी_७

मनमोकळी, तुमचा हेतू चांगला आहे हे कळते, पण मला ते नाव आवडत नाही. त्यात आजार आमच्या डोक्यात असल्यासारखा वाटतो. सलग दोन वर्षे कुणालाही दर दीड तासाने उठवा, त्याची मुले व्हिडिओ कॉलवर मोठी होऊ द्या आणि मग त्याला तपासा. माझी मुलगी एकदा फोनवर म्हणाली होती, 'आई, तू त्या आजोबांना भरवते आहेस, ते भरवून झाल्यावर फोन कर.' तिला राग आलेला नव्हता. तिने माझे वेळापत्रक पाठ केले होते.

मनमोकळी

हरकत रास्त आहे आणि मी ती लक्षात ठेवीन. मला सांगायचे होते ते एवढेच की परतल्यावरही उपचारांची गरज असते, आणि ज्या देशात झीज झाली तो देश तो खर्च उचलत नाही.

प्रवासी_पक्षी

आरोग्य तपासणीचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. या स्त्रियांची वैद्यकीय तपासणी होत नाही असे नाही, पुष्कळ होते. सिंगापूरमध्ये स्थलांतरित घरकामगारांची दर सहा महिन्यांनी तपासणी असते आणि तिच्यात गर्भधारणा व संसर्गजन्य रोग पाहिले जातात. म्हणजे तिच्यापासून घराला काही धोका आहे का, हे नेमाने तपासले जाते. घरापासून तिला काय धोका आहे, यातले तिचे वजन आणि अंगावरच्या संशयास्पद जखमा एवढेच, तेही २०२१ पासून, त्या यादीत आले. मणका, झोप, मनःस्थिती यांचे रकाने कोण भरणार? करार १८९ सोबतच्या शिफारशीत गर्भधारणा आणि एचआयव्ही चाचणीची सक्ती असू नये, असे म्हटलेले आहे, हे कायद्याची_पायरी यांनी सांगायचे राहिले.

कायद्याची_पायरी

राहिले खरे. त्याच शिफारशीत, म्हणजे क्रमांक २०१ मध्ये, अबोली यांच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. घरात राहणाऱ्या कामगाराला वेगळी, हवेशीर खोली असावी, तिला कुलूप असावे आणि किल्ली कामगाराकडे असावी, असे तिथे लिहिले आहे. शिफारस बंधनकारक नसते. पण किल्लीपर्यंत विचार कुणीतरी केला होता, एवढे त्यातून कळते.

त्रयस्थ यांच्या ११४ तासांविषयी. प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर एका कुटुंबाकडे नाही. देखभालीचा खर्च समाजाने उचलायचा की नाही, हा तो प्रश्न आहे आणि बहुतेक देशांनी तो परदेशातून आलेल्या स्त्रीच्या झोपेतून वसूल करण्याचा सोपा मार्ग काढलेला आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात केलेल्या नियमांमुळे घरी जाऊन देखभाल करणाऱ्या 'सोबतिणी' किमान वेतनाच्या आणि जादा कामाच्या कायद्याबाहेर राहिल्या. मूळच्या जमैकाच्या एव्हलिन कोक या बाईंनी एजन्सीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि २००७ मध्ये त्या एकमताने हरल्या. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. नियम बदलला तो २०१३ मध्ये आणि लागू झाला २०१५ मध्ये.

स्पेनमध्ये १९९५ च्या व्यावसायिक सुरक्षा कायद्यातून घरकामगारांना वगळलेले होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे स्वतंत्र आदेश निघाला आणि घरातल्या कामातले धोके तपासणे ही मालकाची जबाबदारी ठरली. म्हणजे सायंतारा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला, 'पाठ कुणाची', याला तिथे आता लेखी उत्तर आहे.

त्रयस्थ

वाचतो आहे. 'घराचे कार्यालय' हे माझे वाक्य मागे घेतो. बाकीचे सगळे मागे घेत नाही. माझ्या आईकडे तीन वर्षे अशीच एक बाई होती आणि त्या काळात माझी नोकरी टिकली ती तिच्यामुळेच. तिला आठवड्याची सुट्टी आम्ही देत होतो, पण आईला बरे नसले की पुढे ढकलत होतो. आईला बरे नसणे हेच तर तिच्या असण्याचे कारण होते, हे मला आत्ता लिहिताना जाणवले.

अबोली_प

सायंतारा, तुम्ही धागा काढून गायब झालात. एक सुचवू? चारपाच रात्री तुम्ही स्वतः त्या घडीच्या खाटेवर झोपा आणि वहीत वेळा लिहा. भावालाही एक रात्र द्या. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळेल.

सायंतारा

गायब झाले नव्हते. अबोलींनी सुचवले तेच करत होते. उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व.

पाच रात्रींची वही समोर आहे. सर्वांत कमी तीन वेळा, सर्वांत जास्त सात वेळा. प्रत्यक्ष उभे राहण्याचा वेळ रात्री सरासरी एक तास दहा मिनिटे; पण सलग झोप एकाही रात्री अडीच तासांपुढे गेली नाही. चौथी रात्र भावाची होती. पहाटे सव्वाचारला त्याचा संदेश आला, 'हे रोजचे असते का?' त्यानंतर झोपेच्या पैशांविषयी तो काही बोललेला नाही.

डॉक्टरकडे तिला नेले. रातराणी यांचे वाचून मी बाहेर बसले आणि आत दुभाषी रुग्णालयाचाच मागितला. ती पाऊण तासाने बाहेर आली. काय बोलणे झाले ते मी विचारलेले नाही. सहा आठवडे वजन उचलायचे नाही, एवढा कागद तिने स्वतःहून माझ्या हातात दिला. पलंगाखाली ठोकळे बसले, बेल्ट आणि स्लाइड शीट आली. वडिलांच्या डॉक्टरांनी संध्याकाळची एक गोळी सकाळी हलवली आहे, खडूस_आजोबांचे आभार.

आम्ही तिला सांगितले की आठवड्यातल्या तीन रात्री दुसरी बाई येईल, दोन रात्री मी आणि भाऊ वाटून घेऊ, आणि उरलेल्या दोन रात्री सहा आठवडे संपल्यावर ती स्वतः करील, वेगळ्या वेतनावर. तोवर त्याही आम्ही पाहू. मला वाटले होते तिला बरे वाटेल. ती एकदम घाबरली. 'मला काढणार आहात का? मला चालते, मी अजून उचलू शकते,' असे म्हणत तिथल्या तिथे वडिलांची खुर्ची उचलून दाखवू लागली. तिला थांबवताना माझा आवाज चढला, याचे वाईट वाटते. शेवटी पगार कमी होणार नाही आणि करार संपेपर्यंत तिची जागा तिचीच राहील, असे कागदावर लिहून सही केली. तो कागद तिने फोनवरून मायदेशी कुणाला तरी वाचून घेतला आणि मगच घडी घालून ठेवला.

त्रयस्थ यांचा मुद्दा खोटा नाही. या व्यवस्थेचा खर्च आम्हाला वर्षभर झेपेल. त्यापुढचे आज सांगता येत नाही.

अडगळीची खोली रिकामी करून तिला दिली. तुला आणखी काय हवे, असे विचारल्यावर तिने दाराला आतून कडी मागितली. ती परवा बसली.

पहिल्या रात्री माझी पाळी होती. दोन वाजता वडिलांनी हाक मारली, ती तिच्याच नावाने. मी गेले तर म्हणाले, 'तू कोण? तिला बोलाव.' पलीकडच्या खोलीत कडी सरकल्याचा आवाज आला. मी बोळातूनच तिला सांगितले की उठू नकोस. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग कडी पुन्हा लागली. वडील झोपायला चाळीस मिनिटे लागली. ती मी वहीत माझ्या नावापुढे लिहिली.